बोरसुळीच्या शिवेवरचा गाडा

सकाळी पावणेसातला बोरसुळीच्या शिवेवर गाडा उभा असलेला दिसला. आदल्या दिवशी दिवे लागेपर्यंत तिथे काही नव्हते, असे सांगणारी माणसे मला नंतर भेटली. तो आणून सोडताना कोणाला पाहिल्याचे मात्र एकानेही सांगितले नाही.

मी जीपने पोहोचले तेव्हा निम्मे गाव शिवेपासून अंतर राखून उभे होते. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. माझा परिचर शिराजभाई जीपमधून उतरला, दोन पावले गेला आणि थांबला.

"मॅडम, हात नका लावू."

"हातमोजे आहेत."

"हातमोज्यांचं न्हाई ते."

गाडा गुडघ्याएवढा उंच होता. बाभळीच्या लाकडाचा, दोन चाकांचा, पुढे माणसाने धरून ओढायचा दांडा. वर हिरव्या खणात गुंडाळलेली मरीआई, काचेच्या बांगड्या, सुकून काळी पडलेली लिंबे आणि कडक झालेला दहीभात. खाली आखाभोवती मात्र जाडजूड काहीतरी गुंडाळलेले होते. दुरून ते वारूळ वाटत होते. जवळ गेल्यावर कळले, ती दावी होती. जनावरे बांधायची दावी, एकावर एक.

बोरसुळी हे आमच्या राज्याचे शेवटचे गाव. शिवेच्या दगडापलीकडे कर्नाटक, आणि तिथले पहिले गाव केंपळ्ळी. त्या उन्हाळ्यात पलीकडे लाळ्या-खुरकूत पसरला होता. जनावराच्या जिभेवर फोड येतात, तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात. मोठी जनावरे बहुधा वाचतात, वासरे मरतात. आमच्या बाजूला एकाही जनावराची नोंद नव्हती.

होळीच्या सुमाराला सीमेवरच्या आम्हा दोन्हीकडच्या पशुवैद्यांची बैठक झाली होती. ठरले ते साधे होते. ज्याच्या हद्दीत जनावर आजारी पडेल त्याने त्याच दिवशी दुसऱ्याला कळवायचे. गुरांचे बाजार दोन्हीकडे एकदम बंद करायचे. रोगाच्या बाहेरच्या गावांपासून लस टोचायला सुरुवात करून आत आत यायचे, म्हणजे रोगाला बाहेर पडायला वाट राहत नाही. आणि लस कमी पडली तर हद्द न बघता एकमेकांना द्यायची.

गर्दीतून नागनाथ बिरादार पुढे आला. उंच, वाळका माणूस, आवाज खणखणीत. त्याच्याकडे बिजल्या नावाचा देवणी वळू होता. अंग दुधासारखे पांढरे आणि तोंड काळेभोर. हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या गावांतल्या गायी फळवायला त्याच्याकडे येत. बिजल्याची वासरे लोक खुरांवरून ओळखत. नागनाथला मूलबाळ नव्हते. बिजल्याला काही झाले तर आपले नाव संपले, असे तो चारचौघांत बोलून दाखवत असे, आणि त्याला कोणी हसत नसे.

"डॉक्टरबाई, बघून झालं असंल तर लस काढा. आधी माज्या बिजल्याला टोचा."

"नागनाथराव, मी चार महिने तुमच्या मागं लागलेय. तो तोंडाला हात लावू देत नाही, म्हणत होतात तुम्ही."

"तवा गाडा आला नव्हता."

"हा कुठून आला?"

मागे कोणीतरी खाकरले. शिराजभाई माझ्या कानाशी आला.

"तसं इचारत नसतेत मॅडम. ज्या गावात जनावरं पडायला लागतेत ते गाव गाडा करतंय आन दुसऱ्याच्या शिवेवर सोडतंय. दुसऱ्या गावानं सूर्य बुडायच्या आत तिसऱ्याच्या शिवेवर न्यायचा. वाटंनं बोलायचं न्हाई, मागं बघायचं न्हाई. कुठून आला ते इचारायचं न्हाई आन कुणी सांगायचं बी न्हाई."

"आणि ही दावी?"

"प्रत्येक गाव एक बांधतंय. त्येंच्यात जे जनावर पयल्यांदा पडलं त्याचं. म्हंजे रोग दाव्यासंगं जातो."

मी पुन्हा आखाकडे पाहिले. दाव्यांवर जागोजागी पांढरट खपली होती. वाळलेली लाळ होती ती.

"आमच्यात कुणाचंच जनावर पडलं न्हाई," नागनाथ म्हणाला. "आमी दावं बांधणार न्हाई. नुसता पुढं नेऊन सोडतो. शेजारच्या तांबरवाडीच्या शिवेवर."

"तांबरवाडीत अजून लस झालेली नाही."

"त्यो तांबरवाडीचा प्रश्न."

"हा गाडा इथून हलणार नाही. कोणी हात लावला तर त्याच हातानं तो आपल्या गोठ्यात रोग नेईल."

एक म्हातारा पहिल्यांदाच बोलला, "बाई, थांबलेला गाडा आजवर कुणी बघितला न्हाई."

मी पलीकडच्या पशुवैद्यांना, डॉक्टर हत्तरगींना, फोन लावला. ते केंपळ्ळीतच होते. दहा मिनिटांत मोटारसायकलवर आले आणि दगडाच्या पलीकडे उभे राहिले. जाडे, घामाघूम, कायम हसरे गृहस्थ. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलत आणि रागावले की कानडीत जात.

"नमस्कार बाई. आमच्या बर्फावर ठेवलेली तुमची लस अजून थंड आहे ना? की बर्फाचं पाणी पिऊन टाकलं शिराजनं?"

"त्या पाण्याला कानडी वास येतोय साहेब," शिराजभाई म्हणाला.

हत्तरगी हसले, आणि मग त्यांची नजर गाड्यावर गेली. हसू लगेच गेले नाही, तोंडावर तसेच राहून हळूहळू विरत गेले. ते दगड ओलांडून आले, गुडघ्यांवर बसले, हातमोजे चढवले. मी धुण्याच्या सोड्याचे पाणी बादलीत कालवून त्यांच्याजवळ ठेवले.

"हे निळं नायलॉन. हे केंपळ्ळीचं," वरचे दावे काठीने उचलून ते म्हणाले. "म्हादाप्पाच्या म्हशीचं. काल संध्याकाळी मी तिला औषध दिलंय. तेव्हा तिच्या गळ्यात सुतळी होती. मी विचारलं, दावं कुठं गेलं? म्हणाला, उंदरांनी खाल्लं."

त्यांनी खालचे दावे उकलले. त्याला घुंगरू होते. "हे हळ्ळीखेडचं." त्याखालचे काथ्याचे होते. "हे बनशंकरी तांड्याचं. ह्या तांड्यानं मला देवाची आण घेऊन सांगितलं होतं, आमच्याकडं काही नाही म्हणून." एकेक दावे ते गावाच्या नावाने ओळखत होते आणि प्रत्येक नावाबरोबर त्यांचा आवाज खाली जात होता. दोन गावे अशी निघाली, की तिथे रोग गेल्याचे त्यांना त्या क्षणी कळत होते.

"बाई, आपण रस्ते अडवत बसलो," ते म्हणाले. "रोग जावा म्हणून ह्यांनी आजारी जनावराची लाळ गाड्याला बांधली. दुसऱ्या गावानं तोच गाडा हातांनी ओढला आणि तेच हात घेऊन धारेला बसले."

त्यांनी काठीने धुळीत रेघ ओढली. केंपळ्ळीजवळून गाडा पूर्वेला गेलेला. मग उत्तरेला. मग एका जागी रेघ थबकली.

"इथं आपण लसीकरणाची फळी लावली. गावागावांत बजावलं, बाहेरचं काही आत घेऊ नका. त्यांनी गाडाही घेतला नाही. मग तो वळला. इकडंही बंद, तिकडंही बंद. जिकडं वाट उघडी तिकडं आला." रेघ वळून पुन्हा केंपळ्ळीला आली आणि दगडाशी थांबली. "हीच एक उघडी होती."

"कारण इथं रोग नव्हता," मी म्हणाले.

"हो. म्हणून तर उघडी ठेवली." त्यांनी कपाळावरचा घाम दंडाला पुसला. "आता सगळ्यात खालचं कुणाचं ते कळलं, की सुरुवात कुठं झाली ते कळलं."

शेवटचे दावे आखाला घट्ट बसले होते. त्यांनी ते सोड्याच्या पाण्याने भिजवले, धूळ गेली आणि रंग दिसला. अंबाडीच्या पांढऱ्या पेडात हिरव्या-तांबड्या कापडाची पट्टी गुंफलेली होती. निगुतीने वळलेले दावे. रोजच्या जनावराला असे कोणी वळत नाही.

"हे मी कधी पाहिलं नाही," हत्तरगी म्हणाले. "आमच्याकडचं नाही वाटत."

मी मान वर करून पाहिले. लोक आता गाड्याकडे बघत नव्हते. ते नागनाथकडेही बघत नव्हते. सगळे जमिनीकडे बघत होते.

बायकांमधून नागनाथची बायको महानंदा चालत आली. मी थांबवायच्या आत ती वाकली आणि तिने त्या दाव्याला हात लावला. कापडाच्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"ह्यो माज्या इरकली लुगड्याचा काठ हाय," ती म्हणाली. "बिजल्याला प्रदर्शनात न्यायचं म्हणून मी वळलं होतं. हे तर हरवलं म्हनलं होतं तुमी."

नागनाथने तिच्या हाताकडे पाहिले.

"माघात," तो म्हणाला. "चार दिवस लाळ गळत होती. पाय टेकत नव्हता. मी आतल्या गोठ्यात ठिवला. तुरटीच्या पाण्यानं तोंड धुतलं, खुरं धुतली. बरा झाला."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी कागद केला असता. दोन्हीकडच्या गावांत बोभाटा झाला असता. बिरादाराच्या वळूला लाळ्या झाला. कुणी गाय आणली असती परत?"

"आणि गाडा?"

"मी केला. भर दुपारी नेला, सगळी झोपलेली बघून. केंपळ्ळीच्या शिवेत सोडला. मागं बघितलं न्हाई. घरी आलो तर बिजल्यानं वैरणीला तोंड लावलं होतं." त्याने हत्तरगींकडे पाहिले. "बरा झाला की त्यो. म्हंजे गेलं होतं."

हत्तरगी कानडीत काहीतरी बोलले. मग मराठीत म्हणाले, "आमची वासरं मेली, बिरादार. बनशंकरीच्या तांड्यात एक वासरू उरलं नाही. आया दूध धरून हंबरतायत रात्रंदिवस."

"तुमी वाटा बंद केल्या नसत्या तर ते आलं नसतं परत."

"कुठं गेलं असतं मग?"

"पुढं."

"पुढं कुठं?"

त्या प्रश्नाचा नागनाथने कधी विचार केला नव्हता, असे मला वाटले. गावातल्या कोणीच केला नसावा. पुढे म्हणजे पुढे.

मी जे करायचे ते सांगितले. बरा झालेल्या जनावराच्या घशात हा रोग पुष्कळ दिवस दबा धरून राहू शकतो. बिजल्याच्या घशातला द्राव काढून प्रयोगशाळेत पाठवायचा. निकाल येईपर्यंत त्याला गावाबाहेर, माळावरच्या मोकळ्या गोठ्यात एकटे बांधायचे. बोरसुळी आणि तांबरवाडीची सगळी जनावरे त्याच दिवशी टोचायची. गाडा जाळायचा.

जाळायला कोणी पुढे आले नाही. शिराजभाईदेखील. "परत आलेल्या गाड्याचं काय करायचं, हे कुणाला ठावं न्हाई मॅडम," तो म्हणाला. "आजवर आलाच न्हाई कधी."

मी स्वतः जाळला असता. पण लसीचे डबे उघडले होते, ऊन चढत होते, आणि दोन गावांची जनावरे उभी होती. गाड्यावर आणि भोवती सोड्याचे पाणी मारून घेतले, चुना टाकला, आणि सकाळी डिझेल घेऊन यायचे ठरले. हत्तरगींनी त्यांच्याकडची लस आणि दोन माणसे दिली. दिवसभरात बहुतेक काम उरकले. बिजल्याला मी स्वतः तपासले. जिभेवर जुने वण होते. द्राव काढताना तो जराही हलला नाही. चार महिने ज्याच्या तोंडाला हात लावता येत नव्हता, तो वळू माझ्याकडे बघत उभा होता.

परतताना ऊन उतरले होते. नागनाथ शिवेच्या दगडावर गाड्याकडे पाठ करून बसला होता.

"घरी जा नागनाथराव."

"त्या हत्तरगी सायबांला एकदा इचारून बगा," मान न वळवता तो म्हणाला, "अजून कोण गाडा आत घ्यायला तयार हाय का."

"कोणी नाही. सगळीकडं सांगितलंय आम्ही."

"सगळीकडं?"

"दोन्ही बाजूंनी."

त्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डिझेलचा कॅन घेऊन गेलो तेव्हा गाडा जागेवर नव्हता. माळावरचा गोठा रिकामा होता. नागनाथही घरी नव्हता. चुन्याच्या पांढऱ्या गोलातून दोन चाकोऱ्या निघाल्या होत्या. त्या बोरसुळीत शिरत नव्हत्या आणि केंपळ्ळीतही नव्हत्या. दोन्ही गावांच्या मधून, हद्दीच्या बांधाबांधाने दक्षिणेला गेल्या होत्या. चाकोऱ्यांच्या पुढे फुफाट्यात खुरांचे ठसे होते, मोठे आणि खोल. मरीआईच्या गाड्याला जनावर जुंपत नाहीत. तो माणसानेच ओढायचा असतो.

हत्तरगी पलीकडून आणि मी अलीकडून चालत गेलो. चाके मातीत रुतली होती. एवढ्याशा गाड्याची चाके इतकी रुतायला नकोत, हे दोघांच्याही लक्षात आले. शिराजभाई खाली वाकून बघत होता.

"मॅडम, माणसाचं पाऊल कुठं हाय?"

कुठेच नव्हते.

"मग हाकलतंय कोण?"

बांधाच्या कडेला वाळके गवत होते. गवतावरून चालले तर पाऊल उमटत नाही. अहवालात मी तसे लिहिले. हत्तरगींनी त्यांच्या अहवालातही तेच लिहिले. आम्ही तसे आधी ठरवले नव्हते.

चाकोरी डांबरी रस्त्याला मिळाली, पलीकडे पुन्हा बांधावर निघाली आणि मुरमाड माळावर दिसेनाशी झाली.

महानंदा ओसरीवर बसली होती. ती रडत नव्हती.

"पहाटं मी उठले तर हे पायात वहाणा घालत होते," ती म्हणाली. "मी इचारलं, कुठं निघालात. म्हनले, कुणाच्याच गावात न्हाई."

दोन्ही राज्यांत शोध झाला. पोलिसांनीही केला. पहिले काही दिवस खबरा येत होत्या. कोणा मेंढक्याने लांबून पांढरा बैल पाहिला होता, कोणाला बांधावर बांगडीचे तुकडे सापडले होते. प्रत्येक ठिकाण दोन गावांच्या हद्दीवरचे होते. गावात शिरलेले कोणी पाहिले नाही. गाडा आढळला तर आत घेऊ नका, लगेच कळवा, असे आम्ही सीमेवरच्या प्रत्येक गावाला सांगितले होते, आणि त्या वर्षी प्रत्येक गावाने ते ऐकले. पाऊसकाळ संपेपर्यंत रोग थांबला. बोरसुळीत एकही जनावर दगावले नाही. बिजल्याच्या घशातल्या द्रावाचा निकाल उशिरा आला. नमुना तपासण्याजोगा नव्हता, पुन्हा पाठवा, असे त्यात लिहिले होते.

दिवाळीनंतर हत्तरगी आणि मी मिळून बोरसुळीला गेलो. दोन्हीकडच्या गावांचे आभार मानायचे होते. भाषणे झाली, चहा झाला. महानंदा सगळ्यात मागे बसली होती. लोक उठायला लागल्यावर ती पुढे आली. हातात हिरव्या बांगड्या होत्या.

"तुमी दोघांनी चांगलं केलं," ती म्हणाली. "कुणी आत घ्यायचं न्हाई म्हनलात, कुणी घेतलं न्हाई. पर मग त्येनी थांबायचं कुठं?"

हत्तरगींनी माझ्याकडे पाहिले. मी चहाचा कप खाली ठेवला.

याला आता नऊ वर्षे झाली. माझी दोनदा बदली झाली. सीमेवरच्या पशुवैद्यांची बैठक दर वर्षी होते आणि दोन्हीकडचे फोन एकमेकांना लागतात. हत्तरगी आता बरेच दक्षिणेला आहेत, पण अजून हद्दीवरच. गेल्या महिन्यात सकाळी सव्वासातला त्यांचा फोन आला. ते हसत नव्हते. त्यांच्या भागातल्या दोन गावांच्या मधल्या बांधावर चाकोरी उमटली होती. लहान गाड्याची, खोल. पुढे खुरांचे ठसे. माणसाच्या पावलांचे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. बिजल्या जिवंत असता तर एव्हाना त्याला उभे राहणेही जड गेले असते.

त्याच दिवशी त्यांनी त्यांच्या बाजूने लस टोचायला सुरुवात केली आणि आमच्या बाजूच्या डॉक्टरांनी आमच्या बाजूने. लाळ गळणारे एकही जनावर आजपर्यंत सापडलेले नाही. हत्तरगी रोज सकाळी बांधावर जाऊन येतात आणि मला कळवतात. चाकोरी रोज थोडी पुढे गेलेली असते.